डाव्या हाताची कॉलर

मास्तरांना त्या आठवड्यात पाणी प्यायचासुद्धा कंटाळा आला होता, आणि कंपनीने नेमका तोच आठवडा सगळ्यांना डोकं चालवायला शिकवण्यासाठी निवडला. कारखाना गणवेशांचा. वरच्या मजल्यावर नमुना विभाग, म्हणजे एक लांबलचक टेबल, चार शिलाई मशिनं, आणि टेबलाच्या एका टोकाला कातर घेऊन उभे मास्तर. नवा गणवेश ठरला की त्याचा पहिला नग हाताने कापायचा तो मास्तरांनीच, गेली तेहतीस वर्षं. तो पसंत पडला की खाली यंत्रांवर तसलेच हजारो कापले जात.

आता खरं काय ते सांगून टाकतो, लपवाछपवी मास्तरांची होती, माझी नाही. आठ महिन्यांपासून त्यांचा उजवा हात थरथरत होता. गोळ्यांनी कमी होईल, जाणार नाही, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं. ही गोष्ट कारखान्यात कळली की टेबल गेलं. आधीच्या मास्तरांची नजर अधू झाली तेव्हा त्यांना खाली गोदामात गठ्ठ्यांवर चिठ्ठ्या चिकटवायला बसवलं होतं, आणि त्यांच्याकडे बघायचं टाळत मास्तर कितीतरी वेळा त्या दारावरून गेले होते. म्हणून हाताचं त्यांनी एका बायकोखेरीज कुणाला सांगितलं नव्हतं.

रोज संध्याकाळी चहा झाला की बायको जुनं वर्तमानपत्र ताणून धरायची आणि मास्तर डाव्या हाताने कापायचे. ऐकायला सोपं वाटतं. उजव्या हाताची कातर डाव्यात धरली की पाती फाकतात, कागद कापायचा सोडून मध्येच दुमडतो, आणि आखलेली रेघ पात्याआड जाते. अंगठा आत ओढायचा, बोटं बाहेर ढकलायची, तेव्हा कुठे पाती जुळतात. डावऱ्यांची वेगळी कातर मिळते, पण ती टेबलावर ठेवली असती तर सगळ्यांना बोलावून सांगितल्यासारखंच झालं असतं. सुरुवातीला नाकी नऊ आले. बायकोचे हात अवघडून जायचे, पण ती बिचारी हूं की चूं करायची नाही.

त्यात भाचा. मास्तरांच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा, चाळिशीचा, त्यांनीच बोट धरून या टेबलाशी आणलेला. सहा महिन्यांपासून त्याने नवंच आरंभलं होतं. मुंढा आला, म्हणजे बाही जिथे बसते ती गोलाई आली, की हा कापड स्वतःकडे ओढायचा आणि म्हणायचा, मामा, हे मी घेतो, तुम्ही सरळ भाग कापा. गळा आला की तेच, कॉलर आली की तेच. मास्तरांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मी जिवंत असताना माझ्या जागेवर डोळा, असं ते घरी जाऊन बायकोला ऐकवायचे. भाच्याला मात्र काही बोलायची सोय नव्हती, कारण गोलाईलाच हात जास्त हलायचा.

तर शिकवणी. तीन दिवस, दुपारी दोन तास. शिकवायला आलेल्या मॅडम हसऱ्या होत्या, माणूस म्हणून वाईट नव्हत्या. पहिल्या दिवशी त्यांनी कातरीचे वीस उपयोग लिहायला सांगितले. एका शिवणारणीने नवऱ्याची जीभ लिहिलं आणि खोली हसून लोळली. मास्तरांनी लिहिलं, कापणे. पुढे काही सुचेना. दुसऱ्या दिवशी प्रश्न उलटा करायचा होता. चांगला गणवेश कसा शिवावा हे राहू दे, तो बिघडवायचा कसा ते लिहा, त्यातूनच नवं काही सुचतं, असं मॅडम म्हणाल्या. लोकांनी पानं भरली. मास्तरांचा कागद कोरा. सुपरवायझर साहेबांनी थट्टा केली, की मास्तरांना बिघडवता येत नाही, यांना नापास करा. मास्तर कसंनुसं हसले. घरी जाऊन न जेवताच आडवे झाले.

तिसऱ्या दिवशी मॅडमनी प्रत्येकापुढे कापडाचा तुकडा आणि कातर ठेवली. रोजचं काम नेहमीच्या हाताने करू नका, दुसऱ्याने करा, सवय मोडली की डोकं जागं होतं. एक कॉलर कापायची. मास्तरांचं धाबंच दणाणलं. डावा हात सफाईने चालला की तो का, हे कुणीतरी विचारणारच. मग त्यांनी मनाशी ठरवलं, काही नाही, मुद्दाम वेडीवाकडी कापायची आणि सुटायचं.

आजूबाजूला गोंधळ उडाला होता. कापडं चुरगळत होती, कुणाची कॉलर उंदरांनी कुरतडल्यासारखी, कुणाचे दोन तुकडे. मास्तरांनी उजवा हात खिशात घातला, कातर डाव्या हातात घेतली आणि कापडाला लावली. बिघडव, बिघडव, असं ते स्वतःला बजावत होते. पण तेहतीस वर्षांत ज्या माणसाने जाणूनबुजून एक इंच कापड नासवलं नाही, त्याचा हात आज कसा वळणार? अंगठा आत गेला, पाती जुळली आणि कातर रेघेवरून गेली ती थेट टोकापर्यंत. मान वर केली तेव्हा मॅडम समोर उभ्या होत्या.

त्यांनी ती कॉलर उचलून सगळ्यांना दाखवली. टाळ्या पडल्या. साहेबांनी तोंडात बोट घातलं. मॅडम कौतुकाने म्हणाल्या, "आता तशीच एक उजव्या हाताने कापा. शेजारी ठेवून बघू."

मास्तरांनी बहाणा शोधायला हवा होता, पण आठ महिने तेच करून ते इतके थकले होते की आता एक खोटंही उचलवेना. त्यांनी उजवा हात खिशातून काढला आणि टेबलावर ठेवला. हात थरथरला, त्याखालची कातर लाकडावर खडखडली.

"हा आता कापत नाही," मास्तर म्हणाले. "आठ महिने झाले. मी सांगितलं नाही."

साहेबांचा चेहरा पडला. हे वर कळवावं लागेल, असं काहीतरी ते पुटपुटले. तेवढ्यात भाचा पुढे आला.

"मला ठाऊक होतं, साहेब. सहा महिने गोलाई मी कापतोय, सरळ भाग मामा. एक तरी नमुना परत आला का?"

आलाच नव्हता. मास्तरांनी भाच्याकडे पाहिलं, आणि सहा महिने घरी बसून त्याला घातलेल्या सगळ्या शिव्या त्यांना एकदम आठवल्या. मेल्याहून मेल्यासारखं झालं. भाचा हळूच म्हणाला, "डाव्याचं मात्र मलाही माहीत नव्हतं, मामा. तुम्ही मला सांगायचं होतं."

साहेबांनी कॉलर उलटीपालटी करून पाहिली, फूटपट्टी लावली, पुन्हा लावली. वर कळवेन ते खरं, म्हणाले, पण टेबल सध्या तुमचंच. प्रत्येक नग कापून झाला की भाचा तपासेल. ज्याला कातर धरायला शिकवली तो आता आपलं काम तपासणार. मास्तरांनी मान डोलावली. लागलं नाही असं कसं म्हणू, लागलं. पण खोटं वागणं संपलं याचं बरंही तितकंच वाटलं.

घरी आले, चहा झाला, आणि बायकोने रोजच्यासारखं वर्तमानपत्र पसरलं.

"राहू दे आज," ते म्हणाले. "बघितलं त्यांनी."

तिने विचारलं, "कुठला हात?"

"दोन्ही."

तिने वर्तमानपत्राची घडी घातली. मग त्यांचा उजवा हात स्वतःच्या मांडीवर ओढून घेतला. तो हलत राहिला, आणि आठ महिन्यांत पहिल्यांदाच त्यांनी तो मागे घेतला नाही.