पोले म्हणणारा कॉम्प्युटर

आमच्या पांगनीच्या शाळेतला कॉम्प्युटर बिघडला की वापरणाऱ्यावर खेकसायचा नाही. पडद्यावर एकच शब्द यायचा: पोले. ठेच लागलेल्याला आम्ही पोले म्हणतो, ज्याच्या घरचं माणूस गेलं त्यालाही पोले, आणि डोक्यावर बादली घेऊन चढ चढणाऱ्या बाईलाही पोलेच. चूक कुणाची, हा प्रश्नच त्यात नसतो.

हा शब्द तिथे बसवला कोम्बो गुरुजींनी. स्वाहिलीचे, म्हणजे आमच्या भाषेचे, मास्तर. रिटायर झाल्यावर लोक नारळाची बाग बघतात, यांनी लिनक्स धरलं. ही सिस्टीम फुकटची, कुणीही उघडावी, बदलावी, वाटावी. गुरुजींनी सहा वर्षं बसून तिच्या सात हजार ओळी स्वाहिलीत आणल्या. कॉम्प्युटर सुरू केला की पासवर्ड वगैरे नंतर, आधी दारात उभं राहून म्हणतात तसं 'होदी' टाइप करायचं. आतून विचारणा व्हायची, "कोण?" नाव लिहिलं की, "या, बसा."

मी तातू. लॅबची किल्ली माझ्याकडे. मी न्याम्वेझी, गुरुजी झिगुआ. आजोबांच्या काळापासून रिवाज असा, की या दोन जमातींनी एकमेकांना वाट्टेल ते बोलावं आणि समोरच्याने राग धरायचा नाही. मयतातसुद्धा नाही.

"गुरुजी," मी म्हणायची, "सहा वर्षांत माणूस घर बांधतो. तुम्ही काय केलंत? यंत्राला पाहुणचार शिकवलात."

"तुम्हा न्याम्वेझींना शिकवून थकलो होतो. म्हटलं, पत्र्याला तरी येतोय का बघू."

सगळ्या जगाला फुकट वाटायचं म्हणून केलेलं काम, पण गुरुजींच्या हातून सुटेल तर ना! एक वाक्य मनासारखं बसत नव्हतं, म्हणून वाटपासाठी दार-एस-सलामला पाठवायचं राहून जायचं. फाइल पुसायच्या आधी कॉम्प्युटर विचारतो ना, 'नक्की पुसू का?' ते. गुरुजींना ते खाटकासारखं वाटायचं. तीन वर्षं त्या एका वाक्यावर अडून बसले. सगळ्या कामाची एकच सीडी काढली होती, ती सुनेने पाखरं हाकलायला आंब्यावर टांगली. पाखरं मात्र गेली हो.

मग कंपनी आली. विकतच्या सिस्टीमवाली. फुकटाला हरवायला तिनेही फुकटच आणलं. तीन वर्षं काही द्यायचं नाही, वर मास्तरांना टीशर्ट. अट एकच, वीसच्या वीस मशीनवरचं जुनं पुसायचं. हेडमास्तर शाओ टीशर्ट घालून झेंडावंदनाला आले.

गुरुजी तेव्हा अंथरुणाला खिळलेले. पोटात पाणी झालेलं. मी बातमी सांगितली तर म्हणाले, "वासरू फुकट देतात, कासरा नंतर विकतात. शाओला सांग."

"सांगितलं. म्हणाले, कासऱ्याचं पुढचा हेडमास्तर बघेल."

गुरुजी हसले नाहीत. माझं मनगट धरलं. "तातू, वीस आहेत. मला एक दे. एकच. ते वाक्य सापडलंय मला. उठून बसता आलं की घालतो आणि पाठवून देतो."

"एक ठेवते."

"न्याम्वेझीचा शब्द?"

"झिगुआच्या शब्दाइतका बेभरवशाचा नाही."

दुसऱ्या दिवशी दार-एस-सलामहून कंपनीचा माणूस यायचा होता. बारिकी त्याचं नाव. मी कोपऱ्यातली अकरा नंबरची मशीन निवडली. खूण म्हणून दवाखान्यावर असतो तसा लाल अधिक काढला, माझ्या नेलपॉलिशने. याला जपा, अशा अर्थाने. पण मशीन टेबलाखाली, मी वाकलेली, पाठीत चमक भरलेली. अधिक जरा कलता झाला. माझ्या ते लक्षातही आलं नाही. मी हेडमास्तरांच्या हुकमाने उद्घाटनाच्या मंडपातल्या खुर्च्या मोजायला गेले.

परत आले तर बारिकी अकरा नंबरसमोर हात पुसत उभा.

"ही कशाला केलीत?" मी ओरडले. "हिच्यावर खूण होती!"

"होती ना, बाई. लाल फुली. म्हणून सगळ्यात आधी हीच केली."

मी खाली वाकून पाहिलं. फुली. चक्क फुली. आमच्या देशात रस्ता रुंद करताना जे घर पाडायचं त्याच्यावर सरकार लाल फुली मारतं. शेंबड्या पोरालाही माहीत आहे.

"तो अधिक होता," मी म्हणाले.

बारिकी खुणेसमोर उकिडवा बसला. "आमच्या घरावर मारली होती," तो म्हणाला. "हायवेला. मी फुली पाहिली आणि दुसरं काही सुचलंच नाही. पोले, बाई."

बाकीच्या एकोणीस त्याच्या मदतनिसाने तोवर उरकल्या होत्या.

समारंभ दणक्यात झाला. कंपनीने स्वाहिली आणली होती, पण ऑफिसात बसून शब्दाला शब्द ठेवून केलेली, 'बेकायदा'ला 'हराम'. जिल्ह्याच्या साहेबांनी बटण दाबलं आणि मोठ्या पडद्यावर आलं: 'या प्रोग्रामने हराम कृत्य केले आहे. तो बंद करण्यात येईल.' पहिल्या रांगेतले मशिदीचे शेख ताडकन उठले. "कोणतं कृत्य?" साहेबांनी हात पाठीमागे लपवले. शाओ माइकवरून म्हणाले, "शेखसाहेब, नवीन आहे, शिकेल हळूहळू."

संध्याकाळी मी गुरुजींकडे गेले ते हाच किस्सा पुढे करून. पोट धरून हसले. हसताना दुखत होतं, तरी हसले. 'कोणतं कृत्य?' तीनदा म्हणायला लावलं मला. मीही म्हटलं. तेवढा वेळ दुसरं काही बोलावं लागत नव्हतं.

मग विचारलं, "आणि माझी मशीन?"

न्याम्वेझीला झिगुआशी खोटं बोलायची पूर्ण मुभा असते. तरी मी त्यांची चादर सारखी करत बसले.

त्यांनी डोळे मिटले आणि हवेत बोटांनी टाइप केल्यासारखं करून म्हणाले, "होदी."

मला कळलं. मी कॉम्प्युटर झाले. "कोण?"

"कोम्बो."

"या, बसा."

"माझं काम उघड. सात हजार ओळी."

खिडकीबाहेर आंब्यावर ती सीडी गरगरत होती. ओरखडे पडून पडून आता नुसता आरसा झालेली.

"पोले," मी म्हणाले. "पोले, गुरुजी."

त्यांनी डोळे उघडले नाहीत. हात तसाच हवेत. मग म्हणाले, "शब्द बरोबर बसलाय ना तिथे? कानाला कसा वाटतो?"

"बरोबर बसलाय."

"मग ठीक." श्वास घ्यायला थांबले. "ते दुसरं वाक्य ऐक. तू तरी लक्षात ठेव. 'नक्की पुसू का' नाही. पुसायच्या आधी विचारायचं, 'निरोप घेतलास का?'"

"छान आहे."

"छान काय? उत्तर दे. मी कॉम्प्युटर. निरोप घेतलास का?"

"नाही," मी म्हणाले.

"मग 'रद्द' दाब, गाढवे."

हवेतला हात त्यांनी माझ्यापुढे केला, तळवा वर. मी बोटाने दाबला. मग पुन्हा दाबला. सून दिवा घेऊन आत आली तेव्हाही मी दाबतच होते.