जावयाची फटफटी

कुशाबाच्या जावयाची फटफटी कुशाबानेच पाडली, हे आधीच सांगून टाकतो. हाताने नाही, शेणाने पाडली. पहिल्या दिवाळसणाला जावई फटफटीवरून येणार म्हणून या गृहस्थाने पोलादपूरच्या सडकेपासून आपल्या दारापर्यंतच्या उतारावर शेणाचा सडा घालून घेतला. सडा अंगणात घालतात, उतारावर कोणी घालतं का? पण सगळ्या वाडीला थाट दाखवायचा होता ना! जावई हैबती दासगावच्या आपल्या घरून कुशाबाच्या लेकीला, तुळसेला, मागे बसवून आला, उताराला लागला, चाक सरकलं आणि सगळी वरात बांधावर जाऊन आदळली.

जावयाला खरचटलंसुद्धा नाही. फटफटीचा दिवा फुटला, हँडल वाकलं, पुढचं चाक वाकडं झालं. तुळसेचा उजवा हात मनगटात सुजला. ती उठली, पदर सारखा केला आणि आईच्या मागोमाग घरात गेली. वाडी मात्र फटफटीभोवती जमली, मयताला जमावी तशी.

हैबती मुंबईला एका शेटजीच्या मोटारीवर ड्रायव्हर होता. फटफटी शेटजीने वापरून टाकलेली, पण हा तिला बायकोपेक्षा जपायचा. ओटीवर बसून सासऱ्याला म्हणाला, "मामा, तुमच्या शिवेत पडली, तुमच्या सड्यावर पडली. होती तशी करून द्या. मग येतो आन् दोघींना नेतो. मुंबईला खोली मिळालीय. तुळसा आली की गाववाल्यांची खानावळ चालू करायची."

दोघींना म्हणजे बायकोला आणि फटफटीला. एवढं बोलून तो एस.टी.ने निघून गेला. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, तशी ती फटफटी कुशाबाच्या गोठ्यात उभी राहिली.

मग ओटीवर खल सुरू झाला. एक म्हणाला, पोलादपूरच्या लोहाराकडून हँडल तापवून सरळ करून घ्या. दुसरा म्हणाला, महाडला जलील मेस्त्रीकडे न्या, तो ट्रकांचं काम करतो. जलीलचं ठरलं. बैलगाडी माझी, तेव्हा मीही तिथे होतो. कुशाबाची बायको प्रयागबाई दारातून म्हणाली, "म्हाडला डागदर हाय. गाडीतनं तुळसेलापन न्या. हात बघा की तिचा."

"जागा कुठं हाय?" कुशाबा म्हणाला. "फटफटी आडवी टाकायची नाय. दोघांनी दोन बाजूंनी धरायची. मनगाट मुरगळलंय नुसतं, आंबेहळद लाव."

मी म्हटलं, "कुशाबा, एका बाजूला मी धरतो, पोरीला मागं बसव."

"सोनबा, तू बैल हाक," कुशाबा म्हणाला.

मला असा संताप आला की गाडी जुंपूच नये वाटलं. पण वाडीत शेजार मोडून चालत नाही. जुंपली.

महाडात जलीलने फटफटीभोवती एक फेरी मारली. म्हणाला, "मागची पाय ठेवायची दांडीपन वाकलीय. मागं कोन बसलं व्हतं? त्याला लय लागलं असंल."

"ती घरचीच हाय," कुशाबा म्हणाला. "तुम्ही दिव्याचं बघा."

जलील म्हणाला, वाकलेलं सरळ करून देतो, चालेल. कुशाबाला ते पटेना. "सगळं नवं टाका. जावयानं नाव ठेवायला नको." नव्यासाठी दुभती म्हैस विकली. सामान मुंबईहून यायचं होतं. ते लागून फटफटी दारात यायला माघ उजाडला.

तोवर तुळसेची सूज उतरली आणि हाड वाकडंच जुळलं. घागर डाव्या हाताने, केरसुणी डाव्या हाताने. भाकऱ्या प्रयागबाई थापायची. लेकीचा उजवा हात पदराखाली असे. कुशाबा बाजाराच्या दिवशी महाडला जाऊन फटफटी बघून यायचा; घरातला हात त्याने बघितला नाही. तो वाईट बाप होता असं नाही. जावई खूश तर लेक सुखी, असं त्याचं साधं गणित होतं. असली साधी माणसं जेवढा घात करतात तेवढा वैरीसुद्धा करत नाही.

हैबती आला. दिवा चोळून बघितला, चाक फिरवून बघितलं, हँडल डावीउजवीकडे वळवलं आणि हसला. "मामा, नवी केलीत की!"

कुशाबा फुगला. प्रयागबाईने घाईघाईने लेकीची ओटी भरली, बोचकं बांधलं. "ऊन चढायच्या आत निघा," म्हणाली. तिचा बेत मला कळला होता. एकदा पोर मुंबईला पोचली की पुढचं पुढे.

"असं कसं?" कुशाबा म्हणाला. "जावईबापू, लेकीच्या हातची भाकर खाऊन जावा. तुमची खानावळ कशी चालंल ते बघा तरी!"

"मी थापते," प्रयागबाई उठली.

"तू बस गो. तिला थापू दे."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात; याने लेकीचा दाखवला. तुळसा चुलीपाशी बसली. डाव्या हाताने थापायला गेली, भाकरी कडेला फाटली. उजवा लावला, तो वळेना. कशीबशी तव्यावर टाकली. हैबती दारात येऊन उभा होता.

"पदर बाजूला कर."

त्याने तिचा हात धरला आणि हँडल वळवलं होतं तसाच डावीउजवीकडे वळवून बघितला. तिने तो ओढून पुन्हा पदराखाली घेतला.

"मामा," तो म्हणाला, "ही बी तुमच्याच सड्यावर पडली. होती तशी करून द्या. मग नेतो."

होती तशी म्हणजे कशी? जुळून गेलेलं हाड काय जलील सरळ करणार होता? प्रयागबाई त्याच्या पाया पडली. तो तिला ओलांडून फटफटीवर बसला. उतार कोरडा होता. सरळ सडकेला लागला.

फटफटीचा आवाज घाटाच्या पायथ्यापर्यंत घुमत राहिला. कुशाबा कान देऊन ऐकत होता.

"जलीलनं काम मात्र चोख केलं," तो म्हणाला. "आवाज पयल्यापरास चांगला लागतोय."

तव्यावरची भाकरी करपली होती. तुळसेने ती डाव्या हाताने काढली आणि बापाच्या ताटात वाढली.