चवळीखाऊ

गुरुवारी सकाळी माझी साखर दोनशेच्या आत आली, तर माझ्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन होणार होतं. नाही आली तर गाशा गुंडाळून मालीला, आमच्या सेगू गावी परत. आणि परत जाऊन करणार काय, कपाळ? तीस वर्षं झग्यांच्या गळ्यावर रेशमी भरतकाम करून पोट भरलं, आता मला सुईचं नेढंही दिसेना. मागे एका इमामाच्या झग्यावर मी वेल काढली, ती गळ्यावरून निघून थेट काखेत गेली. इमाम भला माणूस. त्याने तो झगा घातला, पण दिवसभर हात खाली धरून बसला.

शेजारच्या सेनेगलमध्ये, डाकारला, माझा जुना शागीर्द मोदू राहतो. त्यानेच इथल्या डोळ्यांच्या दवाखान्यात माझा नंबर लावला, आणि मी उतरलोही त्याच्याच घरी. शनिवारी डॉक्टरीणबाईंनी बोटाला टोचलं आणि आकडा वाचला, "दोनशे नव्वद. एवढ्यावर मी डोळ्याला हात लावत नाही."

"दोन दिवस बसमध्ये होतो, बाई. पाव आणि गोड चहाखेरीज वाटेत काही मिळत नाही."

"आता भात बंद, पाव बंद, गोड चहा बंद. गोळ्या वेळेवर. भाजी खा, मासे खा, चवळी खा."

चवळीचं नाव निघताच मी आजूबाजूला बघितलं. दिसत कोणीच नव्हतं, पण सवय जात नाही. मी कुलिबाली. आमच्या मालीत कुलिबाली आणि केईता या दोन घराण्यांचं थट्टेचं नातं आहे, आजे-पणज्यांपासूनचं. भेटलं की एकमेकांना गुलाम म्हणायचं, चवळीखाऊ म्हणायचं, तोंडाला येईल ते बोलायचं, आणि ऐकणाऱ्याने रागवायचं नाही. अडीअडचणीला मात्र धावून जायचं. चवळी घरोघरी शिजते, पण चारचौघांत कबूल कोण करतो? अठ्ठावन्न वर्षांत मी ती दार लावूनच खाल्ली. म्हटलं, चला, परदेशात बरं. इथे आपल्याला ओळखतंय कोण?

पण चवळीपर्यंत पोचायला मध्ये मोदूची बायको होती. अस्तू तिचं नाव. या बाईच्या हाताला चव आहे आणि कानाला पडदा नाही. दुपारी एकच मोठी परात, भोवती आम्ही सगळे, परातीत तेलाने लाल झालेला मासे-भात. मी माझ्या बाजूचा मासा आणि कोबी तेवढा खात होतो. अस्तू दर दोन घासांनी माझ्यापुढे भाताचा ढीग लोटत होती.

"अस्तू, मला भात वर्ज्य आहे."

"हो बाबा, मोदूने सांगितलं. म्हणून तर थोडाच घातलाय."

"हा थोडा?"

"माझ्या हातचं आवडलं नाही, असं सरळ सांगा ना." तिचा आवाज भरून आला.

मोदू माझ्या कानाशी लागला. "उस्ताद, दोन घास खा. पाहुणा उपाशी उठला म्हणून ती आठवडाभर रडेल, आणि तुम्ही सुटाल, राहायचंय मला."

खाल्ले. मग चहा आला, एकामागून एक तीन ग्लास, आणि तिसरा सगळ्यांत गोड. साखर कमी घाल म्हटलं तर तिने मूठभर साखरेतले चार दाणे बाजूला काढले असतील. रात्री बाजरीच्या कण्यांवर गोड दही. रविवारी हेच. अशा प्रेमापुढे माणसाने डोकं आपटून घ्यावं की काय करावं? शत्रू असता तर निदान उपाशी तरी ठेवला असता.

सोमवारी सगळे उठायच्या आत मी भिंत चाचपत गल्लीच्या टोकाला गेलो. तिथे पहाटेपासून एक बाई पावात चवळीची उसळ भरून विकते, हे मी वासावरून हेरलं होतं.

"पाव नको," मी हळूच म्हटलं. "नुसती चवळी दे."

"बोली तर सेगूची वाटते," ती आमच्याच भाषेत म्हणाली. "आडनाव काय, दादा?"

आडनाव चोरणं मला जमणार नव्हतं. "कुलिबाली."

तिचा डाव पातेल्यातच थांबला. "मी फिली. फिली केईता."

मी डोळे मिटले. तसाही उपयोग नव्हता त्यांचा.

"अगं बायांनो, या गं!" ती गल्लीभर ऐकू जाईल अशी ओरडली. "आमचा गुलाम सापडला! सेगूहून इथवर आलाय, चवळी खायला!"

"औषध म्हणून खातोय. साखर उतरली नाही तर डोळ्याचं ऑपरेशन होणार नाही गुरुवारी."

"सगळे कुलिबाली असंच काहीतरी सांगतात. पावही नको म्हणे! हावरटपणाला काही सीमा?"

बाया हसत होत्या. मी ताटली अर्धी टाकून घरी आलो आणि दुपारी रागारागाने भात खाल्ला. संध्याकाळी मोदूने शेजारच्या औषधवाल्याकडे नेलं. तीनशे दहा. त्या रात्री मी पिशवी भरून ठेवली. माझ्या अब्रूपायी माझा डोळा चालला होता, हे मला कळत होतं, आणि तरी त्या बाईसमोर पुन्हा ताटली धरायला माझे पाय उचलत नव्हते.

मंगळवारी दुपारी परात मांडली, अस्तूने माझ्यापुढे ढीग लोटला, तेवढ्यात दारातून तोच आवाज आला. फिली गल्लीत विचारत विचारत घर शोधून आली होती.

"ह्या गुलामाला भात कोणी वाढला?"

अस्तू चपापली. "आमचे पाहुणे आहेत ते."

"तुझे पाहुणे, आमचा गुलाम. केईतांच्या गुलामाला भात झेपत नाही, माजतो. ऊठ रे, परात सोड." तिने माझ्या हातातला चमचा काढून घेतला आणि मांडीवर गरम डबा ठेवला. "गीळ. आणि चहा दिसला तर ओतून देईन."

थट्टेचं नातं बोलू लागलं की यजमानाचं काही चालत नाही. अस्तू आधी बघत राहिली, मग ओढणीत तोंड लपवून हसायला लागली. तिला अपमान वाटला नाही, कारण अपमान सगळा माझा होता. तीन दिवसांत पहिल्यांदा मी कोणालाही न दुखावता भात टाकला. फिली दोन्ही वेळा आली, बुधवारीही आली, आणि दर खेपेला मला शिव्या घालत डबा संपेपर्यंत समोर बसली.

गुरुवारी आकडा आला एकशे शहात्तर.

"छान. काय खाल्लंत?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"पालेभाजी," मी म्हटलं. धंदा बंद ठेवून आलेली फिली मागे जोरात खोकली.

शुक्रवारी पट्टी निघाली. बाहेरच्या बाकांवर बरीच माणसं बसली होती, आमच्याकडचीही होती, आणि मला त्यांचे चेहरे दिसत होते. एक बारकीशी, पुढचा दात पडलेली बाई उठून आली. आवाजावरून मी तिला धिप्पाड समजत होतो. तिने डबा उघडून माझ्यासमोर धरला.

"बघ रे गुलामा. काय आहे यात?"

दाणा न् दाणा वेगळा दिसत होता. प्रत्येकावरचा काळा ठिपकासुद्धा, बारीक टाक्याएवढा. रडावंसं वाटलं, पण डॉक्टरीणबाईंची मनाई होती.

"भात," मी म्हटलं.

"डॉक्टरीणबाई," तिने आत हाक मारली, "हा डोळा वाया गेला हो."

मी तिच्या हातातून चमचा घेतला, बाकावर मधोमध बसलो, आणि सगळ्यांच्या देखत डबा पुसून खाल्ला.