पाठ कुणाकडे करायची

मी उजव्या पायाचा स्केट बोलतोय. डाव्याला विचारू नका, तो गोड गोड बोलेल. त्याचं काम माणसाला वर उडवायचं. खाली येताना अंगाचा सगळा भार एका पायावर पडतो, आणि तो पाय माझा. मग चिडायचं मी नाही तर कुणी?

चार चाकं, पुढे थांबायचा रबरी ठोकळा आणि वर पांढऱ्या चामड्याचा बूट, असा आमचा जोड. डहाणूच्या एका डॉक्टरांच्या मुलासाठी आम्हाला आणलं होतं. त्याचे पाय वाढले, माझं चामडं काही वाढेना. त्यानं आम्हाला स्केटिंग शिकवणाऱ्या मुकेश सरांकडे दिलं आणि सरांनी सुदामला. सुदाम तलासरीच्या डोंगराकडच्या पाड्यावरचा. वसतिगृहात राहून डहाणूत शिकला, तिथेच सरांच्या शिबिरात स्केटिंगच्या नादी लागला. आता बावीस वर्षांचा आहे. हायवेवरच्या अच्छाडला ट्रकचे टायर बदलतो आणि सुट्टीच्या दिवशी सकाळच्या एसटीनं सरांकडे येतो. याला राज्याच्या संघात घालायचाच, हे सरांचं वेड, आणि सुदामचंही.

आमचा खेळ शर्यतीचा नाही. पुरुषांच्या गटात तीन मिनिटं संगीतावर स्केटिंग करायचं. मार्क दोन तऱ्हेचे: एक उड्यांचे आणि गिरक्यांचे, दुसरे नाचाचे. दोन्ही साधले तर गडी जिंकला.

सुदामला नाच शिकवावा लागला नाही. त्याचा बाप काकड्या तारपा वाजवतो. भोपळ्याचं ते लांबलचक वाद्य फुंकत तो मधे उभा राहतो आणि सगळा पाडा कमरेला हात घालून त्याच्याभोवती फिरतो. नाचताना तारप्याकडे पाठ करायची नाही, हे सुदाम चालायला लागायच्या आधीच शिकला असेल. जिल्ह्याच्या स्पर्धेला त्यानं बापाचा तारपा मोबाईलवर रेकॉर्ड करून नेला. काय फिरलो आम्ही त्या दिवशी! उडीसुद्धा नाचातूनच यायची. गुडघा आधीच वाकलेला असायचा, चाकं आधीच वळणावर असायची, आणि मी खाली टेकलो की पुढे वाहतच जायचो. भार जाणवायचासुद्धा नाही.

पण हॉलमध्ये स्पीकर एका टोकाला आणि परीक्षक दुसऱ्या टोकाला. तारपा स्पीकरमधून वाजत होता. सुदामचं तोंड तिकडे. तीन मिनिटं परीक्षकांनी त्याची पाठ पाहिली.

"चेहराच दिसला नाही. आम्ही इथे बसलोय याची कदर तरी आहे का याला?" एक परीक्षक बाई म्हणाल्या. नाचाचे मार्क सगळ्यात कमी सुदामला.

"तिकडे काय होतं रे? स्पीकर बघायला आला होतास?" सर ओरडले. तो प्रश्न नव्हताच, नुसता जाळ होता. सुदाम खाली वाकून माझ्या सुटलेल्या नाड्या बांधत राहिला. हाच त्याचा दोष, आणि याचा मला सगळ्यांत जास्त राग आहे. अरे, तोंड उघड! सांग ना का ते! पण नाही.

बाहेर चहा पिताना सर जरा निवळले. "हे बघ दीकरा, नाच तुला नाही जमायचा. तू जम्प मार. जम्प मोजता येते. हवेत दोन फेऱ्या म्हणजे दोन फेऱ्या, त्यात कुणाचं मत चालत नाही."

झालं. तारपा गेला आणि कसलीशी धडधडणारी ट्यून आली. तीन मिनिटांत आठ उड्या! धाव, उडी, आपट. धाव, उडी, आपट. नाच काढून घेतल्यावर उडीला मागं-पुढं काही उरत नाही हो! सुदाम वरून यायचा तो धान्याचं पोतं टाकल्यासारखा, आणि ते पोतं दर वेळी माझ्या डोक्यावर. सहा महिने मी हे सोसलं. त्याचा घोटा सुजायचा, तो फडकं बांधून पुन्हा उभा राहायचा. सर टाळ्या वाजवायचे.

राज्याच्या निवडीला आठच्या आठ उड्या त्यानं उतरवल्या. शेवटच्या उडीला चाकं धरणाऱ्या माझ्या पट्टीला चीर गेली, पण मी त्याला पडू दिलं नाही. निवडायचे होते चार. सुदाम पाचवा.

"उड्या उत्तम आहेत, पण नाच कुठे आहे? अगदी मशीन वाटतो," एक परीक्षक म्हणाले.

आणि आमचे सर? मान डोलावत म्हणाले, "मी पण हेच सांगत असतो याला."

मला तोंड नाही म्हणून बरं. त्या क्षणी असतं तर दोघांच्याही पायाला कडकडून चावलो असतो. नाचला तेव्हा पाठ दिसली, उडाला तेव्हा नाच दिसेना. या माणसांना पाहिजे तरी काय?

दिवाळीच्या तोंडावर वाघबारशीच्या सणाला सुदाम घरी गेला. मी पिशवीत, चिरलेला. त्याची बहीण पुतळी बापाला मोबाईलवर त्या दिवशीचा व्हिडिओ दाखवत होती.

काकड्यानं सगळा पाहिला. "ह्यो धावतं नि उडतं, धावतं नि उडतं. नाचतं कवां?"

पुतळी खुदकन हसली आणि भावाचा चेहरा पाहून तिनं मोबाईल उलटा ठेवला.

"नाच सरांनी कापला, बा."

"का?"

एक अक्षर. वर्षभरात हे कुणी विचारलं नव्हतं. सुदामच्या डोळ्यांत पाणी आलं. "जजांकडं माझी पाठ होत होती. तुझा तारपा मागल्या भिंतीला, स्पीकरात वाजत होता."

"मंग? तारप्याला पाठ करून नाचशील का काय?" काकड्या खेकसला. मग म्हणाला, "त्यांच्या बाजूला ठेवायचा व्हता तो डबा. सोप्पं हाय."

सोपं होतं. शिकलेल्या पाच-सात डोक्यांना सुचलं नाही एवढं सोपं.

दिवस कलायच्या आत सुदामनं मला तारेनं आवळलं आणि समाजमंदिरासमोरच्या कोब्यावर उतरला. मधे काकड्या, भोवती आम्ही. सुरानं वळण घेतलं तिथे सुदाम उडाला, दोन फेऱ्या. मी टेकलो आणि वाहत गेलो, तोंड तारप्याकडे. चीर दुखलीसुद्धा नाही. मार्क द्यायला कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं सरांना फोन लावला. "सर, पुढच्या निवडीला येतो. तारपा लावणार. उड्या चारच. आणि स्पीकर जजांच्या टेबलाशी ठेवायला सांगा."

"अरे, आधी का नाही बोललास?"

"तुम्ही विचारलं नाही."

मग सर म्हणाले, "आणि ते नाही म्हणाले तर?"

"तर करीन त्यांच्याकडे पाठ."

शाब्बास रे पठ्ठ्या! रविवारी सरांनी स्वतःच्या जुन्या स्केटची पट्टी काढून मला बसवली. स्क्रू चांगले घट्ट आवळले. त्यांच्यावरचा माझा राग अर्धा गेला. अर्धा राखून ठेवलाय.

निवड फेब्रुवारीत आहे. परीक्षकहो, चौथी उडी माझ्यावर उतरेल तेव्हा सुदामचं तोंड तारप्याकडे असेल. तुम्ही कुठे बसायचं, ते तुमचं तुम्ही ठरवा.