फुलांवर जळणारी थंडी

मी कर्णा आहे. सोलगुमी या कोळ्यांच्या गावाच्या धक्क्यावर, खांबाच्या टोकाला, समुद्राकडे तोंड करून टांगलेला. जन्मभर बोललो, पण त्यातलं एक अक्षरही माझं नव्हतं. आज पहिल्यांदाच स्वतःचं काही सांगतोय, तेव्हा आवाज थोडा खरखरला तर चालवून घ्या.

माझा जन्म शहरातल्या एका कारखान्यात झाला. पत्रा वाकवून माझा घसा केला, वर राखाडी रंग फासला, आणि एका बाईने माझ्यातून "येतंय का ऐकू?" असं विचारून मला खोक्यात घातलं. ऐकू गेलं असावं. त्यानंतर मला कोणी काही विचारलं नाही. सगळे फक्त सांगतच आले.

मला खांबावर चढवलं त्या दिवशी गावाने डुक्कर कापलं, तांदळाची दारू वाटली. एका म्हातारीने माझ्या बुडाशीही वाटीभर ओतली. "घसा ओला राहू दे बिचाऱ्याचा," म्हणाली. तेवढंच काय ते माझं कौतुक.

माझा आवाज म्हणजे गावप्रमुख चु मानबोक. मनाचा चांगला, पण लोकांनी हसून मान डोलावली नाही तर ज्याला जेवण जात नाही, अशातला माणूस. रोज सकाळी तो आधी एखादं जुनं गाणं लावायचा, मग माइकवर फुंकर मारायचा. "आ, आ, मी प्रमुख बोलतोय." मग कोणाची बकरी सुटली, कोणाच्या लेकीचं लग्न ठरलं, हे सगळं सांगून झालं की हवामान. हवामान खात्याकडून फोनवर आलेला अंदाज तो आधी ताठ आवाजात जसाच्या तसा वाचायचा. मग खाकरायचा आणि म्हणायचा, "म्हणजे काय, तर..."

गाव त्या 'म्हणजे काय, तर'साठीच थांबलेलं असायचं. खात्याची भाषा कोणाला कळतेय! म्हणजे काय, तर मुळे पेंढ्याखाली झाका. म्हणजे काय, तर ज्याची बायको भांडतेय त्यानेही आज घरातच बसा. लोक हसायचे आणि ऐकायचे. अंदाज खात्याचा असला, तरी गावाने विश्वास ठेवला तो मानबोकच्या या पुरवणीवर.

त्या वर्षी हिवाळ्यात त्याचं नशीब फिरलं. थंडीची लाट येणार म्हणून त्याने होड्या अडवल्या, आणि लाट डोंगरापलीकडेच अडली. पुढे पुन्हा तसंच झालं. फुकट बुडालेला दिवस कोळी विसरत नाहीत. धक्क्यावर जाळी विणणाऱ्या बायका तर त्याला सोडायलाच तयार नव्हत्या.

"काय प्रमुखसाहेब, तुमच्या थंडीने घाम फुटला हो आम्हाला!"

"आज काय सांगता, अंगणात अस्वल येणार का?"

मानबोक वरवर हसायचा. पण त्याचा आवाज माझ्यातूनच वाहायचा. मला त्यातली ठेच कळायची.

मग हिवाळा सरला. निदान सगळे तसं म्हणू लागले. धक्क्यामागच्या झुडपांवर पिवळ्या कळ्या दिसायला लागल्या.

चिलसोंग आणि ओकबुन हे नवराबायको तेव्हा फार खुशीत होते. त्यांच्या लेकीचे, सुनये तिचं नाव, दिवस भरत आले होते. आमच्याकडे बाळंतिणीला मियोकचं सार लागतं. मियोक म्हणजे समुद्रातल्या खडकांवरचं शेवाळ. बाजारात हवं तेवढं मिळतं, पण चिलसोंगला बाजाराचं नको होतं. समुद्रात दूर एक काळा खडक आहे. तिथलं मियोक स्वतः काढून लेकीला द्यायचं, असं त्याने गावभर सांगून ठेवलं होतं.

त्या सकाळी त्याने होडीचा दोर सोडला होता. ओकबुन जेवणाचा डबा घेऊन काठावर उभी होती. तेवढ्यात मी बोलायला लागलो.

मानबोकने अंदाज वाचला. कडाक्याच्या थंडीची लाट येत आहे, डोंगराकडून समुद्राकडे जोराचे वारे सुटतील, लहान होड्यांनी बाहेर पडू नये. एकही शब्द त्याने गाळला नाही, हे मला त्याच्या बाजूने सांगायलाच हवं.

चिलसोंग थबकला. आभाळाकडे पाहिलं. मग वाकला आणि दोर पुन्हा खुंटाला गुंडाळू लागला.

"बरं झालं," ओकबुन म्हणाली. "लेक काही आजच बाळंत होत नाही. उद्या जा."

"उद्या तर उद्या," तो म्हणाला.

मी हे पाहिलं. ओकबुनशिवाय बाकी कोणाचं लक्ष नव्हतं. दोराचा एक वेढा बसला होता, दुसरा बसत होता. आणि मानबोक खाकरला.

तो नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबला. त्या थांबण्यात मला जाळीवाल्या बायकांचं हसू ऐकू आलं.

"म्हणजे काय, तर," तो म्हणाला, "आपली दरवर्षीचीच हो, फुलांवर जळणारी थंडी. कळ्या दिसल्या की हिच्या पोटात दुखतं! रुसेल, फुगेल आणि जाईल निघून. एवढं घाबरायला नको."

आमच्या लोकांची ही लाडकी थंडी. वसंताच्या तोंडावर येते, फुलांचा हेवा करते, एखाद्या खाष्ट नणंदेसारखी चार दिवस नाक मुरडून जाते. तिला कोणी भीत नाही. तिचं नाव घेतलं की माणसं हसतात. धक्का हसला. चिलसोंगही हसला.

"अगं, नणंदबाई येतायत फक्त," तो ओकबुनला म्हणाला. "तू तर अशी घाबरलीस, जसा यमच येतोय!"

"वाचलं ते काही वेगळंच होतं," ती म्हणाली.

"वाचलं ते खात्याचं. सांगतो मानबोक. दे तो डबा."

आणि त्याने बांधलेला दोर सोडला. जाता जाता माझ्याकडे पाहून ओरडला, "प्रमुखसाहेब, नुसती फुलांची बातमी नको, फुलंही पाठवा!"

वारा सूर्य डोक्यावर यायच्या आत सुटला. डोंगरावरून समुद्राकडे, अगदी वाचल्याप्रमाणे. असल्या वाऱ्याची लबाडी अशी, की काठाजवळचं पाणी शांत राहतं. उभं राहून पाहावं तर भ्यावं असं काहीच दिसत नाही. पलीकडे मात्र सगळा समुद्र पांढरा झाला होता. धक्क्यावर उडालेलं पाणी दोरांवर गोठू लागलं, कळ्या काळ्या पडल्या.

बाकीच्या होड्या जवळच होत्या, त्या कशाबशा परतल्या. चिलसोंग खडकापाशी होता. गस्तीची बोट निघाली, पण तिलाही तिकडे पोचता येईना. मानबोकने माइक हातात घेतला आणि खात्याची भाषा, स्वतःची भाषा, सगळं विसरून तो नुसता ओरडत सुटला. "चिलसोंग! परत ये! अरे, खोटं बोललो मी! परत ये!"

वारा माझ्या पाठीमागून वाहत होता. माझा आवाज एवढ्या दूर कधीच गेला नव्हता. त्याला तो ऐकू गेला असणार. शेवटपर्यंत शब्दन् शब्द ऐकू गेला असणार, आणि त्याला वळता येत नव्हतं. यापुढे मला काही विचारू नका.

होडी सापडली. बर्फाची साल धरलेली, तळाशी मियोकचा भारा नीट बांधून ठेवलेला. माणूस नव्हता.

त्याच आठवड्यात सुनयेला मुलगा झाला. सार बाजारच्या मियोकचंच केलं. तो भारा ओकबुनने कोणाला हात लावू दिला नाही.

आमच्यात माणूस गेला की त्याचा अंगरखा घेऊन छपरावर चढतात आणि तीनदा नाव घेऊन जिवाला परत बोलावतात. ओकबुन कितीतरी दिवस तयार होईना. हाक मारली म्हणजे तो गेला हे कबूल केलं. अखेर ती एका सकाळी त्याचा जाड कोट घेऊन आली आणि माझ्या खांबाला बांधला.

"छपरावरची हाक तिथवर पोचायची नाही," ती मानबोकला म्हणाली. "यातून मारा. तुमचा आवाज त्याच्या ओळखीचा आहे."

मानबोकने आडनावासकट हाक मारली. "पे चिलसोंग, परत ये." दुसऱ्यांदा मारली. तिसऱ्यांदा त्याचा आवाज फुटेना. माझ्या घशातून नुसता वारा गेला. शेवटी ओकबुनने त्याच्या हातातून माइक घेतला आणि स्वतः हाक मारली. ती नाव घेत नसे, सुनयेचे बाबा म्हणत असे. त्या दिवशीही तेच म्हणाली.

त्यानंतर मानबोक कधीही 'म्हणजे काय, तर' म्हणाला नाही. अंदाज वाचायचा आणि माइक बंद करायचा. लोकांनाही ऐकण्यात गोडी राहिली नाही. पण दरवर्षी कळ्या आल्या की तो ओकबुनला धक्क्यावर गाठायचा.

"वहिनी, खरं सांगा. तो हट्टीच होता ना? मी काही बोललो नसतो, तरी गेलाच असता ना?"

"गेलाच असता," ती म्हणायची. "माझं कधी ऐकलं होतं त्याने? जा, सार गार होतंय तुमचं घरी."

तो जरा हलका होऊन निघून जायचा. ती मात्र त्या खुंटाकडे बघत उभी राहायची. दोराचे वेढे तिने पाहिले होते. मीही पाहिले होते. तिने सांगितलं नाही, आणि मला सांगता येत नव्हतं. मानबोक म्हातारपणी शहरातल्या वृद्धाश्रमात गेला तो तिच्या त्या उत्तरावर टेकूनच, आणि तिथेच वारला.

आता सोलगुमीत हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी घरं उघडी आहेत. अंदाज फोनवर येतो. माझ्यातून कधीमधी यंत्रातली एक गोड बाई बोलते. या वर्षीही कळ्या आल्या आणि ती बाई म्हणाली, "येत्या दिवसांत फुलांवर जळणारी थंडी जाणवेल." तोच शब्द, तेच लाडिक हसू. कोणी काही शिकलं नाही.

ओकबुन काठी टेकत खांबाशी आली. थकलीय आता. खांबाला पाठ लावून बसली आणि म्हणाली, "दोर बांधत होता रे तो. दोन वेढे झाले होते. मानबोकला कसं सांगणार होते? आता तो नाही, म्हणून तुला सांगते."

मला म्हणायचं होतं, बाई, मला माहीत आहे. माझ्या घशातून खरखरसुद्धा निघाली नाही.

मला आता उतरवणार आहेत. गंजलोय, कोणाच्या तरी डोक्यावर पडेन म्हणतात. उतरवा. भंगारात गेल्याचं दुःख नाही मला. फक्त एवढं ऐका: थंडीला थंडीच म्हणा. जिच्यात माणसं मरतात तिला लाडाचं नाव देऊ नका. कोणी हसलं तर हसू द्या. खुंटाला दोर बांधत असलेला एखादा माणूस तुमचं बोलणं ऐकत असेल.

जन्मभरात हे एवढंच मी माझं बोललो. आणि तार तर त्यांनी आज सकाळीच तोडली.