कंपाउंडरचा शेवटचा घोट

हेरकथांच्या त्या मालिकेतला खलनायक म्हणजे कंपाउंडर. औषधाच्या चमच्यातून विष पाजायचा, तेही लाडीगोडीने. चार चित्रपटांत चार नटांनी तो रंगवला, पण आवाज दर वेळी एकाच माणसाचा. स्टुडिओत त्याला सगळे दादा म्हणत.

घशाचं ऑपरेशन झालं आणि त्या आवाजाची करवत झाली. तरीही पाचव्या चित्रपटासाठी दिग्दर्शकाचा फोन आला, तेव्हा दादा बायकोला म्हणाला, "बघ! कंपाउंडर मीच."

डबिंगमध्ये संवाद आधी करतात. किंचाळणं, कण्हणं शेवटी, कारण त्यानंतर घसा कामातून जातो. धाकट्या भावाला या धंद्यात आणताना दादाने पहिला धडा हाच दिला होता.

"आधी मरून घ्या, दादा," हेडफोनमधून दिग्दर्शक म्हणाला.

"अहो, हे उलटं झालं. घसा जाईल."

"अजून जायचा राहिलाय?"

काचेपलीकडे कुणीतरी हसलं. हसणं ओळखीचं होतं. दादाने तिकडे लक्ष दिलं नाही. काम मिळालं होतं.

पडद्यावर कंपाउंडर स्वतःचंच विष पिऊन तडफडत होता. दादा घुसमटला, घरघरला.

"यात अभिनय दिसतोय. मला नुसता घसा हवाय. पुन्हा."

तिसऱ्या वेळी रुमालाला रक्त लागलं.

"वा! असं मरण विकत मिळत नाही."

दादाने तोंड पुसलं. "आता संवाद द्या."

"ते कालच झाले."

दार उघडून धाकटा आत आला. "मी नाही म्हटलं असतं तर दुसऱ्या कुणी केलं असतं, दादा. निदान घरातच राहिलं."

दिग्दर्शकाने दोन्ही तुकडे जोडून ऐकवले. 'एक चमचा, बाळा. कडू लागलं तरी गिळायचं.' दादा जिथे श्वास घ्यायचा, तिथेच धाकट्याने घेतला होता. पाठोपाठ दादाची घरघर. सांधा कुठेच कळत नव्हता.

दादाला ठसका लागला. धाकट्याने पाण्याचा पेला पुढे केला आणि मुरलेल्या लाडीगोडीने म्हणाला, "हळूहळू गीळ, दादा."

दादाने पेला घेतला. दुखऱ्या घशातून एकेक घोट आवाज करत खाली गेला.

"माइक चालू आहे ना?" काचेपलीकडून दिग्दर्शकाने विचारलं. "हे घोटही ठेवा."