एक जण जिवंत

व्हर्लिनचा नवरा कॉस्मस आणि तिचा धाकटा भाऊ लेनक्स मंगळवारी पहाटे ट्यूना मासे धरायला गेले, ते शुक्रवारपर्यंत परतले नव्हते. तटरक्षकांची बोट दोनदा समुद्र धुंडाळून आली होती. तरी शुक्रवारी सकाळी व्हर्लिन गाइडचा निळा शर्ट घालून माझ्या बसपाशी हजर.

"अगं, आज कशाला आलीस?" मी विचारलं.

"घरी आईसमोर बसून राहू? ती एकसारखी दाराकडे बघते, रॉलदादा. मला नाही सोसवत."

बंदराला पर्यटकांचं जहाज लागलं होतं. बावीस जणांना घेऊन आम्ही फोर्ट जॉर्ज किल्ल्यावर गेलो. एरवी मी बसमध्येच डुलकी काढतो. त्या दिवशी तिच्या मागोमाग वर चढलो. तिने तोफा दाखवल्या, फ्रेंच आणि इंग्रजांची भांडणं सांगितली. मग त्र्याऐंशी साली आमच्या बेटाच्या पंतप्रधानांना गोळ्या घातल्या त्या भिंतीपाशी आली आणि बोलायचीच थांबली. लोक वाट बघू लागले.

"तुमचं जहाज आज पश्चिमेला जाणार," ती एकदम म्हणाली. "पाण्याची ओढही तिकडेच आहे. पिवळी होडी, लाल पट्टा. माझी माणसं आहेत तिच्यात. पाया पडते तुमच्या, कठड्यापाशी उभं राहून नजर ठेवा. कप्तानाला सांगा."

कुणी खाली बघितलं, कुणी टोपी नीट केली. काठी घेतलेली एक म्हातारी मात्र पुढे आली आणि पेनने तळहातावर लिहायला लागली. "पट्टा कुठल्या बाजूला, बाळ?"

पाचला जहाज सुटलं.

शनिवारी सकाळी दहा वाजता व्हर्लिनच्या घरी तटरक्षकांचा फोन आला. म्हातारीने कप्तानाच्या नाकी नऊ आणले होते आणि त्याने रात्रभर रेडिओवरून होडीची खूण सांगितली होती. एका मालवाहू जहाजाला ती सापडली. आत एक जण जिवंत होता, पण शुद्धीवर नव्हता. दुसरा होडीत नव्हता.

मी गेलो तेव्हा मायलेकी पायरीवर बसल्या होत्या, हातात हात घालून. पेल्यांतला कोको चहा तसाच गार पडला होता.

"लेनक्स लहानपणापासून चिवट," आई म्हणाली.

"कॉस्मसही चिवटच आहे, आई."

दोघी एकाच देवाकडे मागत होत्या, आणि काय मागतोय ते एकमेकींना ठाऊक होतं. हात मात्र सुटले नाहीत.

"कोणी का असेना, आपलंच माणूस आहे," व्हर्लिन म्हणाली. मग गुडघ्यात तोंड खुपसून ओरडली, "खोटं बोलतेय मी! मला कॉस्मस पाहिजे, आई. मला तोच पाहिजे."

आई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. "माहीतेय गं," एवढंच म्हणाली.

तीनला पुन्हा फोन वाजला. मीच घेतला. "पुढचा एक दात सोन्याचा आहे म्हणतात," मी सांगितलं.

दात लेनक्सचा. आईच्या घशातून आवाज फुटला आणि तिने घाईघाईने तोंडावर हात दाबला. व्हर्लिनने तो हात ओढून काढला. "हास ना! तुझा पोरगा जगलाय, हास!" ती किंचाळत होती, आणि आई नुसती मान हलवत रडत होती.

लेनक्स आठवड्याने घरी आला. त्याने सांगितलं, गुरुवारी लांबवर एक जहाज दिसलं. 'तू पडून राहा, मी त्यांना घेऊन येतो,' असं म्हणून कॉस्मसने उडी मारली आणि पोहत गेला. जहाज वळलंच नाही.

व्हर्लिनने ते एकदाच ऐकून घेतलं. सध्या ती भावाला रोज चमच्याने सूप भरवते, त्याचे फुटलेले ओठ पुसते. वाडगं रिकामं झालं की मागच्या अंगणात जाते आणि फणसाच्या बुंध्यावर तळहात आपटत राहते. शेजारी सगळे ऐकतात. पण अंगणात जाऊन तिला धरायची हिंमत अजून कुणाची झालेली नाही, माझीसुद्धा.